अठ्ठावन्न पॉइंट, जर्सी नंबर सात

६ जानेवारी, सोमवार

सत्कारात आत्तापर्यंत चार शाली, सात नारळ आन् तीन डायऱ्या मिळाल्या. शाली आईनं पेटीत घातल्या, नारळाच्या वड्या झाल्या, डायऱ्यांचं काय करायचं ते कुणालाच कळंना. त्यातली ही एक, पतसंस्थेची. शाळेत मी निबंध चार ओळीचा लिवायची, बाई त्यातल्या तीन खोडायच्या. पण एक गोष्ट आता पोटात ऱ्हाईना आन् ती सांगायची कुटं सोयच न्हाय. हातानं सांगावी तर आमच्या होस्टेलात सगळ्यांचे डोळे हातावर. तोंडानं सांगावी तर माझा आवाज किती मोठा निघतोय ते मला कळत न्हाय. मागं आईच्या कानात एक गुपित सांगितलं तर शेजारची बजाबाई तिच्या दारात हसूलालती. म्हणून हितं.

नाव प्रतिक्षा बनसोडे. वय एकोणीस. नऊ वर्षाची असताना ताप डोक्यात गेला. दवाखान्यात जागी झाले तर सगळे नुसतेच तोंड हलवूलालते. मला वाटलं माझी मस्करी करतेत. मी पण नुसतंच तोंड हलवून दाखवलं. आई रडाय लागली तवा कळलं, मस्करी न्हाय.

तवापासनं सोलापुरातच कर्णबधिर शाळेच्या होस्टेलात. बोलायला आधीच शिकले हुते, म्हणून मी बहिरी हाय पण मुकी न्हाय. समोरच्याचे ओठ पण वाचते. हे लोकांना लई आवडतं. पेपरवाले, टीव्हीवाले, पुढारी, सगळ्यांना मीच लागते. बाकी आमी पोरी आपसात हातानं बोलतो. हितं ते मराठीत लिवते, एवढंच.

तर डिसेंबरात राज्याची कर्णबधिर बास्केटबॉल फायनल झाली, नागपूरसंगं. सात नंबरच्या जर्सीनं एका मॅचमध्ये अठ्ठावन्न पॉइंट केले. जुना विक्रम एक्कावन्नचा. नवीन विक्रम, बनसोडे प्रतिक्षा. सर्टिफिकेटावर तसंच हाय.

खरं असं हाय. पहिल्या हाफला सात नंबर माझ्या अंगावर हुता. बावीस केले. मंग नागपूरच्या दोन पोरी मला गोचिडागत चिकटल्या. हाफटाइमला कपड्याच्या खोलीत मी मनकर्णाला म्हणले, "जर्सी काढ. तुझी अकरा मला, माझी सात तुला. त्या दोघी तुला चिकटू देत, मी मोकळी." नुसती खोडी. उंची सारखी, अंगलट सारखी, आंबाडा सारखा. ऐकणाऱ्या पोरींच्या मॅचला हे चाललं नसतं. तितं बाकावरनं नावानं वरडतेत. आमच्यात कोण वरडणार? रेफ्री बोटानं नंबर दाखवतो, टेबलावरचा माणूस नंबर लिवतो. नंबर म्हंजेच माणूस.

त्या दोघी चिकटल्या की मनकर्णाला. पण मनकर्णा डावखुरी. त्या उजवीकडं आडव्या व्हायच्या, ही डावीकडनं निघून जायची. छत्तीस केले तिनं, दोघींना घेऊन. मी मोकळी असून तेरा.

आता हिशोब बघा. माझे खरे पस्तीस. तिचे पहिल्या हाफचे आठ धरून चव्वेचाळीस. अठ्ठावन्न कुणाचेच न्हायत. ते जर्सीचे हायत.

त्या दिवशी खोलीत आमी दोघी हसून हसून फरशीवर पडलो. वाटलं, संध्याकाळी सांगून टाकू. मंग कप आला. मंग फोटो. मंग सोलापूर स्टेशनवर हलगी.

१४ जानेवारी

गड्ड्यावर गेलो, मी, आई आन् मनकर्णा. जत्रेला ही गर्दी. मनकर्णा सांगोल्याकडची, तिच्या घरी मेंढरं, म्हणून हातानं बोलताना तिचं नाव कपाळाजवळ दोन बोटं वाकडी करून, शिंगागत. माझं नाव म्हंजे दंडाला चिमटा. का ते सांगायला नको.

पाळण्याच्या अलीकडं माझा ब्यानर. हे एवढं मोठं. 'सोलापूरची शान, विक्रमवीर कु. प्रतिक्षा बनसोडे यांचे हार्दिक अभिनंदन', खाली बारा पुढाऱ्यांची तोंडं. मधी सात नंबरची जर्सी हवेत, बॉल डाव्या हातात, तोंड दंडाआड झाकलेलं.

दुसऱ्या हाफचा फोटो.

मनकर्णानं मला कोपर मारलं. "बघ, किती छान दिसतेस." आन् हसली. मी पण हसले. मंग एक कुटुंब आलं, त्यांना माझ्यासंगं फोटो पायजे. त्यांच्या बाईनं मनकर्णाच्या हातात मोबाईल दिला आन् खूण केली, काढ. तिनं काढला. चांगले चार-पाच काढले.

आई ब्यानरकडं लई वेळ बघत हुती. मी इचारलं काय गं. ती म्हणली, "काय न्हाय. भाकरी तू उजव्या हातानं थापतेस की." मी म्हणले, बास्केटबॉलात दोन्ही हात लागतेत. "व्हय का," म्हणली आन् मनकर्णाला भजी घेऊन दिली. मला न्हाय दिली. इसरली असंल.

२३ जानेवारी

पत्र आलं. हैदराबादला देशाच्या कर्णबधिर टीमचा निवड कॅम्प, मार्चात. सोलापुरातनं एकच खेळाडू. राज्य विक्रमधारक प्रतिक्षा बनसोडे.

शरणबसव सर, आमचे कोच, अक्कलकोटकडचे. मिशी अशी की निम्मं बोलणं केसातच अडकतं. अजून आमच्या प्रॅक्टिसला शिट्टी फुंकतेत, सवय. आज पत्र नाचवत आले, "नोडम्मा! नोडम्मा!" कानडीत 'बघ बाई'. त्यांचं प्रत्येक बोलणं तितनंच सुरू होतं.

दुपारी होस्टेलच्या गच्चीवर आमची मीटिंग. गच्चीवर का, तर मी खोलीत भांडताना माझं बोलून झालं की लाईट घालवते, समोरच्याला उत्तरच देता येत न्हाय. म्हणून माझ्यासंगं सगळं उन्हात.

आठही पोरी हुत्या. जर्सीचं आठ जणींनाच म्हाईत. मी म्हणले, "मी सांगून टाकते. मनकर्णाला जाऊ दे."

पूनम आमची कॅप्टन. तिचे हात चालले की वारा लागतो. "सांग की. म्हंजे काय हुईल? नंबर बदलून खेळल्या म्हणून कप वापस, सर्टिफिकेटं वापस. माझा नोकरीचा अर्ज त्या सर्टिफिकेटावर हाय. हिचा पण, हिचा पण. आन् मनकर्णाला कॅम्प मिळंल? तुमा दोघींवर बंदी येईल. शाणी हायस का?"

मंग हात वर करून ठरवायचं ठरलं. गप बसायचं त्यांनी हात वर करा. सगळ्यात आधी मनकर्णाचा हात वर गेला. तिनं माझ्याकडं न बघता केला, पण केला तिनंच, म्हंजे तिची हरकत न्हाय. मला जरा बरं वाटलं. सगळ्यात शेवटी माझा.

२ फेब्रुवारी

मनकर्णाचा भाऊ जोतिराम आला आन् तिची पेटी घेऊन गेला. तो टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर हाय. तितं हिला लावली. मालक म्हणे खूश झाला, बहिरी पोर पायजेच म्हणला. मागाच्या आवाजानं चांगल्या चांगल्या माणसांची डोकी उठतेत, हिला काय तरास न्हाय.

मी जोतिरामला म्हणले, "दादा, हिची प्रॅक्टिस?"

तो म्हणला, "कॅम्पाला तू चाललीस की. हिला कोण बोलवलंय?"

खरंच हाय. कुणी बोलवलं न्हाय.

५ फेब्रुवारी

सर मला सकाळ-संध्याकाळ पळवतेत. "नोडम्मा, अठ्ठावन्नवाली तू, तिथं सगळे तुझ्याकडंच बघणार." डाव्या हातानं टाकायला शिकूलाले. बॉल रिंगला सोडून सरांच्या मोटारसायकलला लागतो. आरसा गेला.

मनकर्णा असली की सांगायची, मनगट मोड, बोटं शेवटी सोड. आता कोण सांगणार. तिच्यासारखं टाकायचं तिच्याशिवाय शिकायचं म्हंजे काय शिकायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मी पाय मुरगाळला. म्हंजे मुरगाळला न्हाय, सोंग केलं. लंगडत घरी आले, हळद-चुना लावून पट्टी बांधली, तोंड असं केलं की आई घाबरली. मनात इचार असा की मी न्हाय तर सर मनकर्णाला पाठवतेल.

सरांनी पट्टी बघितली. पेपरवर लिवून दाखवलं, कारण अशा येळंला त्यांचा मिशीवर भरवसा नसतो: तू न्हाय गेलीस तर जागा नागपूरला जाणार. विक्रमात दुसरी तिथली आहे.

दुपारपर्यंत पाय बरा झाला. आई म्हणली हळदीला गुण हाय.

१२ फेब्रुवारी

मला भारी आयडिया सुचली. अशी की मी स्वतःवरच खूश.

मनकर्णा दोन वाजता सुटते. कारखान्याच्या गेटवर थांबले. बाहेर आली, केसात कापूस, भुवयात कापूस, म्हातारी झाल्यागत. मी म्हणले, "ऐक. हैदराबादला तू जा. माझ्या नावानं. माझं आधार कार्ड घे, फोटोत मी भुतागत दिसते, कुणाला कळणार न्हाय. उंची सारखी, आंबाडा सारखा. तितं तू खेळ. मी तोवर सांगोल्याला मेंढरं राखते."

मला वाटलं हसंल.

तिनं डोळ्यातला कापूस काढला. मंग हळूहळू, लहान पोराला सांगतेत तसं: "मी एकदा तू झाले. माझं सगळं तुला चिकटलं. अजून एकदा झाले तर मला मी सापडायची न्हाय."

आन् बसला चढली. खिडकीतनं तिनं हात केला न्हाय. कामानं दमली असंल.

१६ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. गच्चीवर ठरलेलं मोडून सगळं सांगितलं. ग्राउंडवर कुणी न्हवतं, मातीवर खडी टाकलेली, कप आल्यामुळं आता आमच्या ग्राउंडला सिमेंट होणार हाय. मी तोंडानंच सांगितलं. म्हणले, सर, दुसऱ्या हाफला सात नंबर मी न्हवते.

सर खडीच्या ढिगावर बसले. मिशी वर केली, मला नीट वाचता यावं म्हणून.

"नोडम्मा. मला म्हाईत हाय."

मला वाटलं मी चुकीचं वाचलं. पुन्हा इचारलं.

"मी अकरा वर्षं हितं शिकवतो. माझी कुठली पोरगी कुठल्या हाताची ते मला कळत न्हाय व्हय? तिनं पहिला बॉल टाकला तवाच कळलं."

"मंग थांबवलं का न्हाय?"

"अकरा वर्षात कप आला न्हवता." मंग बोट दाखवून म्हणले, "हे सिमेंट आलं न्हवतं."

"मंग कॅम्पाला तिचं नाव का न्हाय सुचवलं? विक्रम सोडून पण ती चांगली हाय, तुमाला म्हाईत हाय ना?"

सर लई वेळ खडी इकडची तिकडं करत बसले. मंग म्हणले, "तिथले साहेब लोक. कोच काय सांगतो ते तिला कोण सांगणार? तू बोलतीस. तू ओठ वाचतीस. तिला दोन दिवसात घरी पाठवतील. आपल्या शाळेची एक तरी पोरगी टिकायला पायजे."

मी म्हणले, "कॅम्प बहिऱ्यांचा हाय ना सर?"

ते उठले, शिट्टी फुंकली. कुणासाठी कोण जाणे. ग्राउंडवर मी एकटीच.

१७ फेब्रुवारी

कुटनं पण दार उघडत न्हाय. सांगितलं तर आठ जणींचं वाटोळं. न्हाय सांगितलं तर एकीचं. सरांना सांगितलं तर त्यांना आधीच म्हाईत. लंगडले तर नागपूर. आजवर मी केलेली कुठलीच खोडी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली न्हाय. ही दोन महिने झाले वाढूलालीय, मलाच खाऊलालीय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते सगळं लिवते.

एका क्लबानं माझा जाहीर सत्कार ठेवला, पार्क मैदानाजवळच्या कोर्टवर. आधी आमच्या टीमची प्रदर्शनी मॅच, एका कॉलेजच्या ऐकणाऱ्या पोरींसंगं. मंग शाल. राज्य संघटनेचे सेक्रेटरी आलते. मनकर्णाला मालकानं अर्धी सुट्टी दिली, कारण मालकच क्लबाचा मेंबर.

मी ठरवलं हुतं. आज एक पण बॉल रिंगकडं टाकायचा न्हाय. सगळे मनकर्णाला. सेक्रेटरींनी डोळ्यांनी बघावं.

पहिला पास दिला. तिनं मलाच वापस दिला. दुसरा दिला. वापस. रिंगच्या खाली उभी, समोर कुणी न्हाय, नुसता हात वर करायचा, तर ती वळली आन् बॉल माझ्याकडं. मी पुन्हा तिच्याकडं. ती माझ्याकडं. कॉलेजच्या पोरी मधी इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. चोवीस सेकंदात बॉल टाकायलाच लागतो. टेबलावरचा भोंगा वाजला असणार. आमाला काय त्याचं? रेफ्रीनं शिट्टी फुंकली असंल, रुमाल हलवूलालता, पूनम दोन्ही हात हलवूलालती. आमी बघितलंच न्हाय. मी तिच्याकडं बघत हुते, ती माझ्याकडं. घे की. तुझं हाय. न्हाय, तुझं हाय. घे म्हणते ना. ठेव तुझ्याकडंच.

लोक हसून लोळूलालते. त्यांना वाटलं खेळच हाय, बहिऱ्या पोरींची गंमत. पहिल्या ओळीतला एकजण डोळे पुसूलालता.

शेवटचा तिनं दोन्ही हातानं छातीपासनं मारला. पास न्हवता तो. नाकावर बसला. रक्त आलं. जर्सीवर सातच्या आकड्यावर सांडलं.

तवा तिचं तोंड बघितलं. मी तिला दहा वर्षं ओळखते. मला आजपर्यंत वाटत हुतं तिची हरकत न्हाय.

नाकात कापूस घालून मला स्टेजवर बसवलं. शाल, नारळ, डायरी. मंग माईक दिला, दोन शब्द बोल म्हणून. मी सरांकडं बघितलं. पूनमकडं न्हाय बघितलं. आन् बोलले. किती मोठ्यानं बोलले म्हाईत न्हाय, पण सगळं बोलले.

"हे अठ्ठावन्न माझे न्हायत. पहिल्या हाफचे बावीस माझे. दुसऱ्या हाफला सात नंबरची जर्सी मनकर्णाच्या अंगावर हुती. छत्तीस तिनं केले. ब्यानरवर फोटो पण तिचाच हाय."

सगळं मैदान थांबलं. सरांचं तोंड राखेगत झालं. मी डोळे मिटले. मनात म्हणले, झालं. आता काय व्हायचं ते हू दे. दोन महिन्यात पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

डोळे उघडले तर लोक उभे राहून टाळ्या वाजवूलालते.

सेक्रेटरींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ओठ साफ वाचता आले. "किती मोठं मन! मैत्रिणीला श्रेय देतीय." क्लबाची एक बाई पदरानं डोळे पुसूलालती. मी म्हणले, न्हाय न्हाय, खरंच तिच्या अंगावर हुती. ते म्हणले, "हो बाळा, हो. कळलं आम्हाला." आन् अजून एक शाल घातली.

सगळ्यात जोरात टाळ्या सर वाजवूलालते.

मनकर्णा खाली उभी. तिला ओठ वाचता येत न्हायत. कुणी काय बोललं की तिला हातानं सांगायचं काम माझं, आन् मी तर स्टेजवर. तिनं एवढंच बघितलं की तिनं मला मारलं, मला रक्त आलं, आन् लोकांनी मला दोन शाली घातल्या.

२३ फेब्रुवारी

पेपरात आलं. 'माझा विक्रम मैत्रिणीचाच: प्रतिक्षाचे भावोद्गार.' खाली लिवलंय की दुसऱ्या सत्रात आपल्या जर्सीत जणू मैत्रीणच खेळत होती, असे सांगताना तिचा कंठ दाटून आला. कंठ न्हाय हो. नाकात कापूस हुता.

पूनम सकाळी मला मारायलाच आली. मंग पेपर वाचला आन् जिन्यावर बसून हसत सुटली. सर म्हणले, "बघ. सांगून पण झालं. तुझं मन हलकं झालं, कुणाचं काय बिघडलं न्हाय. आता गप हैदराबादला जा."

आईनं पेपर बघितला. पेपरातला फोटो कापला न्हाय फक्त. आधीचे सगळे कापून ठेवलेत.

२५ फेब्रुवारी

मंग मी पत्र लिवलं. संघटनेला. भावोद्गार-बिवोद्गार काय न्हाय, नुसते आकडे. कुठल्या हाफला कोणती जर्सी कुणी घातली, किती टाकले. खाली माझी सही. तिची पण सही लागंल म्हणून कारखान्यात गेले.

आत पाय ठेवला की जमिनीतनं थरथर गुडघ्यापर्यंत येते. मला ऐकू येत न्हाय तरी दात हालतेत. आन् काय बघते, तितले ऐकणारे कामगारच हातानं बोलूलालते! एवढ्या आवाजात तोंडाचा काय उपयोग. धागा तुटला, चहा आला, बॉबिन आण. मालक आला म्हणायला पोटावर हात गोल फिरवतेत. निम्म्या खुणा मनकर्णानं शिकवल्यात. एक म्हातारा कामगार मान खाली घालून तिला काय तर इचारूलालता, ती त्याला सांगूलालती. तितं मीच बाहेरची. माझं बोलणं तितं कायच कामाचं न्हाय.

पत्र दिलं. तिनं एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. मधी एक धागा तुटला, जाऊन गाठ मारून आली, पुन्हा बोट तितंच ठेवलं.

"स्टेजवर पण हेच बोललीस? पूनमनं सांगितलं."

"व्हय."

"मला इचारलंस?"

मी म्हणले, "तुझंच तुला देण्यासाठी बोलले की."

"हे पाठवलं की बंदी?"

"दोन वर्षं. दोघींना."

तिनं पत्र मागाच्या कडेला ठेवलं. दोन्ही हात मोकळे करून घेतले. मनकर्णा कधी एवढं बोलत न्हाय.

"तुला हलकं वाटंल. मला काय? दोन वर्षं रिंग न्हाय. दोन वर्षं फक्त हे." मागाकडं बोट. "गच्चीवर मी हात वर का केला? तुझ्यासाठी? पूनमच्या नोकरीसाठी? बंदी आली तर मी डिसेंबरला कुटं खेळू? डिसेंबरला पुन्हा राज्याची मॅच हाय. मी माझी जर्सी घालणार. अकरा. मी एकोणसाठ टाकणार. तवा तुझा विक्रम जाईल आन् माझा हुईल. खरा. कुणाची माफी नको, कुणाचं मोठं मन नको."

मी म्हणले, "तोवर मी काय करू?"

"आमच्यात मेंढरं दुसऱ्याकडं सांभाळायला देतेत. वाट्यानं. तो माणूस चारतो, पाणी दाखवतो, पण इकायचं न्हाय, कापायचं न्हाय, माझं हाय म्हणून मिरवायचं न्हाय. मालक येईल तवा सोडायचं. अठ्ठावन्न तसं सांभाळ."

"आन् तू न्हाय आलीस तर?"

तिनं मागाच्या कडेचं पत्र उचललं. पत्राची बारीक घडी घातली आन् म्हाताऱ्याच्या डुगडुगत्या स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवली. म्हाताऱ्यानं बसून बघितलं. हलंना. लई खूश झाला.

३ मार्च, हैदराबाद

फॉर्म भरायला दिला. एका सामन्यातील सर्वोच्च गुण. पेन धरून एवढा वेळ बसले की शेजारची केरळची पोरगी माझ्याकडं बघाय लागली. अठ्ठावन्न लिवलं. तिनं वाचलं आन् डोळे मोठे केले. मंग आख्ख्या खोलीला सांगितलं. हितं सगळ्याच हातानं बोलतेत. कोच पण बहिरा हाय, त्याला आवाजच न्हाय. मनकर्णाला हितं कुणाची गरज लागली नसती.

सरांना हे म्हाईत नसंल. का असंल?

६ मार्च

मला तीन पोरी चिकटवतेत प्रॅक्टिसला. अठ्ठावन्नवाली म्हणून. आज सहा टाकले.

कोचनं इचारलं, तब्येत बरी हाय ना?

१० मार्च

बारा जणी कापल्या. त्यात मी. गाडीत बसले तवा लई दिवसांनी भूक लागली, शेंगदाणे खाल्ले. स्टेशनवर हलगी न्हवती, आई हुती. तिनं पिशवी घेतली आन् इचारलं, "मनकर्णाला कधी बोलावतेल गं?" मी तिच्याकडं बघितलं तर ती रिक्षावाल्याशी घासाघीस करूलालती.

१९ मार्च

मनकर्णा रोज सकाळी सहाला ग्राउंडवर येते, सातला कामावर जाते. एक तास. सिमेंट नवीन हाय, बॉल चांगला उडतो. मी समोर दोन्ही हात पसरून आडवी उभी ऱ्हाते, नागपूरच्या दोन पोरी मीच. ती डावीकडनं निघून जाते. मी बोटांवर मोजते. आज तासाभरात एकेचाळीस.

मधी मधी ती बॉल धरून उभ्या उभ्या डोळे मिटते. दमली का इचारलं तर म्हणली न्हाय. आता तिला एकाच्या जागी दोन माग दिलेत, म्हंजे मालकाचा भरवसा वाढलाय. दिवाळीला नवीन माग येणार हायत, तवा चार देणार म्हणे. जोतिराम सांगत हुता, मालक तिला सोडायला तयारच न्हाय, एवढी चांगली हाय.

आज सर येऊन कडेला उभे राहिले. शिट्टी तोंडात धरली, पण फुंकली न्हाय. मला म्हणले, "नोडम्मा, डिसेंबरला हिला आठ दिवस सुट्टी मिळंल का?"

मी म्हणले, मिळंल की. मालक चांगला हाय, माझ्या सत्काराला न्हाय का दिली अर्धी.

सरांनी शिट्टी खिशात घातली. मंग खाली बघून सिमेंटावर पाय घासाय लागले.

तेवढ्यात सात वाजले. तिनं बॉल माझ्या हातात दिला, आंबाडा सोडून रुमाल बांधला आन् गेटाकडं पळत गेली. मला ह्या अठ्ठावन्नच्या आतनं बाहेर काढायचं तर तिनंच काढायचं. कडी तिच्याकडं. आन् तिची बस सात-दहाची.

उद्या पावणेसहाला ये म्हणले हाय. पंधरा मिनिटं जास्त मिळतेल.